‘घराण्यातच हाये जी’ म्हणजे नेमकं काय?

बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, नळीतल्या द्रावणात सोडायचा, नळी हलवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. मग नळीमागे जाड काळ्या रेघा मारलेला पांढरा कागद धरायचा. लालसर पाण्यातून पलीकडच्या रेघा स्वच्छ दिसल्या, तर सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, नाही. पाणी गढूळ झालं, रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे. नागपुरातल्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं हे काम करते आहे. हजारो नळ्या पाहिल्या असतील. तरी ती पाच मिनिटं मला अजून लांब वाटतात, कारण बाकावर बसलेली आई नळीकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत असते.

आणि रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, “आमच्या घराण्यातच हाये जी हे.” सांधे दुखत असोत, रक्त कमी असो, शुगर निघालेली असो, पोराची उंची वाढत नसो, वाक्य तेच. मला ते खोटं वाटत नाही. पण त्या एका वाक्याखाली फार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. कुठली गोष्ट आईबापाच्या रक्तातून आली, कुठली ताटातून आली आणि कुठे दोन्ही एकमेकांत मिसळलं, हे वेगळं केल्याशिवाय पुढे काय करायचं ते कळत नाही. न कळल्याने काय होतं, ते मी माझ्या मावसभावाच्या बाबतीत पाहिलं आहे. लहानपणी दादाचे गुडघे आणि कंबर असे दुखायचे की रात्रभर मावशी त्याला मांडीवर घेऊन बसायची. संधिवात म्हणून औषधं झाली, रक्त कमी म्हणून लोहाची इंजेक्शनं झाली. दोन्ही चुकीचं होतं. त्याला सिकलसेल आहे हे कळलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता.

आजीची पाककृतींची वही डोळ्यांसमोर आणा. शरीराची अशीच एक भलीमोठी वही प्रत्येक पेशीत असते. तिच्यात साधारण तीन अब्ज अक्षरं आहेत आणि ती फक्त चारच अक्षरांत लिहिलेली आहे, ए, टी, जी आणि सी. एकेक जनुक म्हणजे या वहीतली एकेक कृती. माणसात अशा सुमारे वीस हजार कृती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांवरून शरीर एखादं प्रथिन बनवतं. मुख्य गोष्ट अशी की आपल्याकडे एक वही नसते, दोन असतात. एक आईच्या वहीवरून उतरवलेली, एक वडिलांच्या. प्रत्येक कृती दोनदा.

आता उतरवताना कुणाच्या तरी हातून ‘चवीपुरतं मीठ’च्या जागी ‘चवीपुरतं पीठ’ लिहिलं गेलं समजा. एकच अक्षर बदललं, वाक्य व्यवस्थित वाचता येतं, भाजी मात्र बिघडते. सिकलसेलमध्ये हेच घडलेलं आहे. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तपेशीतलं प्राणवायू वाहणारं प्रथिन. त्याची बीटा नावाची साखळी बनवण्याची कृती ११ व्या गुणसूत्रावर, म्हणजे वहीच्या अकराव्या भागात आहे. तिच्यात एका ठिकाणी ‘जीएजी’ हवं तिथे ‘जीटीजी’ झालेलं असतं. त्यामुळे १४६ दुव्यांच्या साखळीत सहावा दुवा बदलतो. ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडतं, व्हॅलिन पाण्यापासून पळतं आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या कोपऱ्याला जाऊन चिकटतं.

रक्तपेशी फुप्फुसातून प्राणवायू घेऊन निघते तेव्हा सगळं ठीक असतं. बोटांच्या टोकाशी, गुडघ्यात, हाडांच्या पोटात पोचून तिने प्राणवायू सोडला की हे चिकट कोपरे उघडे पडतात. हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना धरून लांबच लांब दोर वळतात, आणि आतून ताणली गेल्याने गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. सिकल म्हणजे विळाच. मऊ पेशी बारीक रक्तवाहिनीतून अंग चोरून निघून जाते. ताठ विळा अडकतो, त्याच्यामागे दुसरा अडकतो आणि पलीकडच्या हाडाला रक्तच पोचत नाही. दादाचे गुडघे दुखायचे ते असे. तो वात नव्हता, ती नाकाबंदी होती.

पेशी परत फुप्फुसात गेली की पुन्हा गोल होते. पण असं वाकणं-सुटणं फार वेळा झालं की ती कायमची वाकडी राहते आणि लवकर फुटते. निरोगी रक्तपेशी १२० दिवसांच्या आसपास जगते. ही दहा-वीस दिवसांत संपते. डोळे पिवळे दिसतात आणि हिमोग्लोबिन बहुधा सात-आठच्या आसपासच राहतं, ते या फुटण्यामुळे. एवढ्या आजारामागे वहीतलं ते एकच अक्षर आहे, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. हिमोग्लोबिनच्या रेणूतच फरक आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं, आणि तो नेमका एका दुव्याचा फरक आहे हे व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये. आपल्या देशात हा विकार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली ती १९५८ मध्ये. म्हणजे आपल्या भागात हे नवं नाही. गावोगावी ‘हाडं दुखायचं’ म्हणून लोक ते सोसतच होते.

आता दोन वह्यांचा मुद्दा. एका वहीत चूक आणि दुसरीत बरोबर असेल, तर शरीर दोन्ही कृतींवरून हिमोग्लोबिन बनवतं. चांगलं, म्हणजे ‘ए’, थोडं जास्त, चुकीचं, म्हणजे ‘एस’, थोडं कमी. त्यावर काम व्यवस्थित भागतं. आपल्याकडे अशा माणसाला ‘एएस’ म्हणतात, म्हणजे वाहक. दोन्ही वह्यांत चूक असेल तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. नळीची चाचणी या दोघांत भेद करू शकत नाही. पाणी दोघांचंही गढूळच होतं. म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी करावीच लागते. एएसच्या रिपोर्टमध्ये एस हिमोग्लोबिन साधारण तीस ते चाळीस टक्के दिसतं आणि ए त्याहून जास्त. एसएसमध्ये एस सत्तर टक्क्यांच्या वर असतं आणि रक्त चढवलेलं नसेल तर ए जवळजवळ नसतंच. नुसता ‘सिकल पॉझिटिव्ह’ असा कागद घेऊन कुणी घरी गेलं असेल, तर त्याला अर्धीच माहिती मिळालेली आहे.

आई एएस आणि वडीलही एएस असतील, तर प्रत्येक बाळाला आईकडून कुठली वही मिळणार हा छापा-काटा आणि वडिलांकडून कुठली मिळणार हा दुसरा छापा-काटा. बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक, एएस होण्याची चारात दोन, पूर्ण चांगलं असण्याची चारात एक. इथे लोक हमखास चुकतात. “पहिला आजारी निघाला, म्हंजे आता तीन चांगले होतीन,” असं मला कित्येक जणांनी सांगितलं आहे. तसं होत नाही. नाणं मागचं काही लक्षात ठेवत नाही. दुसऱ्या वेळीही शक्यता चारात एकच, तिसऱ्या वेळीही तीच. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे तिन्ही मुलं एसएस आहेत, आणि अशीही जिथे एकही नाही.

जोडीतला एकच एएस असेल आणि दुसरा पूर्ण चांगला, तर एसएस मूल होत नाही. म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणी करावी असं सगळे सांगतात. त्याच समाजात, त्याच नातेसंबंधांत पुन्हा पुन्हा सोयरिकी झाल्या, मामाच्या मुलीशी लग्न झालं, की दोघांकडे तीच चूक असलेली वही असण्याची शक्यता वाढते. यात कुणाच्या समाजाला नावं ठेवायचं काही कारण नाही. कुठल्याही समाजात पिढ्यान्‌पिढ्या आतल्या आत लग्नं झाली की त्या त्या समाजाची अशी एखादी चूक साचत जाते. फक्त प्रत्येकाची वेगळी.

एक गोष्ट मला फार लागते. मूल आजारी निघालं की बोट आईकडे जातं. “तिच्या माहेरून आलं.” एसएस बाळात एक चूक आईकडून आलेली असते आणि दुसरी वडिलांकडून. एकट्या आईकडून ते येऊच शकत नाही. मी हे सुनेची आणि मुलाची अशा दोन नळ्या समोर ठेवून एका सासूबाईंना दाखवलं आहे. आपल्या मुलाची नळीही गढूळ झालेली पाहिल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. हे लपवण्याचं ओझं आपल्या भागाने फार वाहिलं. सिकलसेलच्या रुग्णांसाठी नागपुरात आयुष्य घालवलेल्या संपत रामटेके यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या लॅबमधल्या कितीतरी रुग्णांना ती आपल्या घरात आल्यासारखी वाटली होती.

आणि ही ‘चूक’ तरी इतकी का टिकली? मलेरियामुळे. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की एएस मुलांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात, जिथे ताप दरवर्षी लेकरं घेऊन जायचा, तिथे एएस मूल जगायचं, मोठं व्हायचं आणि ती वही पुढे द्यायचं. आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलांत मलेरिया किती होता आणि आहे, हे इथल्या माणसाला सांगायला नको. ज्याला आपण दोष म्हणतो ती कधीकाळी ढाल होती. दोन ढाली एकत्र आल्या की मात्र त्यांचंच ओझं होतं.

आता ताटाकडे येते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

एएस असलेली बाई थकलेली असते, हिमोग्लोबिन साडेआठ असतं आणि घरचे म्हणतात, सिकलमुळे आहे, काय करणार. एएसमुळे रक्त कमी होत नाही. तिच्या अंगात लोह कमी आहे, म्हणून रक्त कमी आहे. पाळी, पाठोपाठची बाळंतपणं, सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेलं खाणं ही त्याची कारणं. तिला लोहाच्या गोळ्या, डाळ, हिरव्या भाज्या आणि सोबत लिंबू किंवा आवळा हवा, इतर कुठल्याही बाईला लागतं तसंच. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. ‘घराण्यात आहे’ म्हणून तिचा साधा, बरा होणारा आजार तसाच राहतो.

एसएसमध्ये उलट. तिथे लोह संपल्यामुळे रक्त कमी होत नाही, पेशी फुटतात म्हणून होतं. फुटलेल्या पेशीतलं लोह शरीर पुन्हा वापरतं. वर रक्त चढवलेलं असेल तर प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात येतं, आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते यकृतात, हृदयात साठत जातं. म्हणून तपासल्याशिवाय लोहाचं औषध द्यायचं नसतं. दादाला इंजेक्शनं दिली गेली, ती याच न तपासण्यामुळे. त्याला खरी गरज होती फोलिक आम्लाची, कारण हाडातला मगज रात्रंदिवस नव्या पेशी बनवत असतो आणि त्या कामात फोलिक आम्ल भराभर खर्च होतं. जेवणही जास्त लागतं. एसएस मुलाचं शरीर स्वस्थ बसलेलं असतानाही जास्त ऊर्जा जाळतं. ते हडकुळं दिसतं, वयात उशिरा येतं, ते खादाड नसल्यामुळे नाही, तर त्याचा खर्चच मोठा असल्यामुळे.

आणि पाणी. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. पेशीतलं पाणी कमी झालं की हिमोग्लोबिन दाट होतं आणि दोर लवकर वळले जातात. दुसरीकडे, या मुलांच्या मूत्रपिंडाच्या आतल्या भागात विळे अडकून तिथली लघवी दाट करण्याची ताकद लवकर जाते. म्हणून त्यांना पातळ लघवी सारखी होते, रात्री अंथरूण ओलं होतं आणि त्यावरून पोरं मार खातात. आता यात नागपूरचा मे महिना मिळवा. पारा पंचेचाळीसवर, नवतपा सुरू, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. ज्या मुलाच्या अंगातून पाणी असंही जास्त जातं, त्याला शाळेत “मधल्या सुट्टीतच प्यायचं” असं सांगितलं जातं. संध्याकाळी ते मूल कण्हत दवाखान्यात येतं. पाण्याची बाटली बाकावर ठेवू देणं आणि लघवीला जाऊ देणं, हा या मुलांसाठी उपचारच आहे. डिसेंबरच्या कडाक्यातही दुखणं वाढतं, कारण थंडीने रक्तवाहिन्या आक्रसतात. मग स्वेटर, मोजे, आंघोळीला गरम पाणी.

दोन भाऊ, दोघेही एसएस, एकाला वर्षातून चारदा भरती करावं लागतं आणि दुसरा शेतात काम करतो, असं का होतं? इथे जनुकांवर जनुकं काम करतात. पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला एफ म्हणतात. ते दोर वळू देत नाही. म्हणूनच जन्मानंतर पहिले काही महिने एसएस बाळ ठणठणीत दिसतं आणि सहा महिन्यांच्या पुढे, एफ कमी झालं की, हातापायाची बोटं टम्म सुजून पहिलं लक्षण दिसतं. काहींच्या वहीत एफचं पान मोठेपणीही पूर्ण बंद होत नाही. असे लोक कमी भोगतात. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने हेच साधतं, एफ वाढतं. रक्त अधूनमधून तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घ्यायचं असतं, आणि दुखायचं थांबलं म्हणून मनाने बंद करायचं नसतं. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाचा उपचार मंजूर झाला, तोही एफचं बंद पान पुन्हा उघडणारा. अमेरिकेत त्याची किंमत वीस लाख डॉलरच्या वर आहे, म्हणून आज आपल्यासाठी हायड्रॉक्सीयुरिया, लसी, फोलिक आम्ल आणि पाणी हेच खरं.

‘घराण्यात आहे’ हे वाक्य पूर्णपणे फसवतं, त्याचंही उदाहरण आपल्याच भागात आहे. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत लाखोळी हे कडधान्य पेरतात. पूर्वी दुष्काळात एकाच घरातल्या दोन-तीन तरुणांचे पाय आखडायचे, काठी टेकत, टाचा उचलून चालावं लागायचं. भाऊ-भाऊ, बाप-लेक, सगळ्यांचं तसंच. कुणालाही वाटेल, घराण्यातच आहे. पण त्या घराण्यात सारखं होतं ते ताट. धान गेलं की महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून लाखोळीच खाल्ली जायची, आणि तिच्यातलं एक द्रव्य पायांना हुकूम पोचवणाऱ्या नसा मारायचं. कधीमधी वरणात थोडी लाखोळी खाल्ल्याने असं होत नाही. भुकेने दुसरं काही शिल्लक ठेवलं नाही की होतं. वहीत एकही अक्षर चुकलेलं नसताना.

शुगर या दोन टोकांच्या मधली. तिच्यामागे एक अक्षर नाही, शेकडो ठिकाणचे बारीक बारीक फरक आहेत, आणि त्यांवर आईच्या पोटातला काळ, मग पुढचं खाणं आणि बसणं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं की पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची जन्मतात, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त. काटकुळी दिसणारी ही मुलं पुढे थोडं वजन वाढलं तरी शुगरकडे झुकतात. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली. त्या वेळी पोटात असलेल्या मुलांच्या जनुकांवर साठ वर्षांनंतरही खुणा सापडल्या. अक्षर बदललेलं नव्हतं. वहीतली काही पानं टाचणीने बंद झाल्यासारखी किंवा जास्त उघडी पडल्यासारखी होती. मुलगी सहा महिन्यांची गरोदर असताना घरातलं सगळ्यांत शेवटचं ताट तिचं असेल, तर ती गोष्ट तिच्या बाळाच्या पन्नाशीपर्यंत पोचते. ही गोष्ट वहीतून येत नाही, घरातल्या पंगतीतून येते, आणि ती आजच्या आज बदलता येते.

सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यांत होते, आपल्याकडे नागपुरात मेयो, मेडिकल, डागा इथेही. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय अभियान सुरू आहे, शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची असं त्यात ठरलं होतं. पोट्टीचं लग्न ठरवायच्या धावपळीत तपासणी राहून जाते, म्हणून ती कॉलेजात असतानाच झालेली बरी.

गेल्या महिन्यात दादा त्याच्या मुलीला घेऊन लॅबमध्ये आला. दादा एसएस, वहिनी पूर्ण चांगली. मुलीचा रिपोर्ट मला नळीला हात लावायच्या आधीच ठाऊक होता, कारण दादाकडे द्यायला दुसरी वहीच नाही. पाच मिनिटं झाली. मी कागद नळीमागे धरला. रेघा दिसेनात.

“म्हंजे माह्यासारखीच का?” त्याने विचारलं.

“नाही दादा. तुझी एक आणि वहिनीची एक. तुझ्यासारखं दुखणार नाही तिला. फक्त पुढे ज्याच्याशी लग्न करील, त्याची नळी आपण आधी पाहू.”

त्याने नळी माझ्या हातातून घेतली आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिला. मुलगी बाजूला उभी राहून बोटाला कापूस दाबत होती. तिला शाळेत जायची घाई होती.